कुत्र्या-मांजरांसाठी घरच्या घरी जेवणाची घडवंची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात भुऱ्यासाठी एक छोटा लाकडी स्टँड केला. भुऱ्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, वजन वीस किलो, खाण्याची गती सुपरफास्ट. स्टँडचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर, आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. तेच तेच उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फीडिंग स्टेशन म्हणजे नेमकं काय हो? कटोरा जमिनीवर ठेवला तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही. आपल्याकडची कुत्री-मांजरं पिढ्यान् पिढ्या जमिनीवरच जेवत आली. फीडिंग स्टेशन म्हणजे जनावराच्या जेवणाची एक ठरलेली जागा, जिथे भांडं सरकत नाही, सांडलेलं एका फडक्यात पुसलं जातं आणि मुंग्यांना सहज वाट मिळत नाही. एवढं साधलं की बाकी हौस.

आजीच्या घरी माठ ठेवायला घडवंची असायची ना? भांडं ठरलेल्या खाचेत बसलेलं, खालून झाडायला मोकळं, ओल जमिनीला लागत नाही. मी तीच बुटकी करून घेतली, म्हणून आमच्या घरी या स्टँडला घडवंचीच म्हणतात. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, कुत्र्याले आता डायनिंग टेबल पण लागते का!" आता त्यांच्या मांजरीसाठीही एक करून दिली आहे.

२. मला सुतारकाम येत नाही. एका दुपारी होईल असं काही सांगा.

ग्रॅनाइटचं दुकान गाठा. स्वयंपाकाच्या ओट्यात सिंक बसवायला जो चौकोन कापतात, तो मधला तुकडा दुकानात किंवा साइटवर पडून असतो. बऱ्याचदा नाममात्र पैशांत मिळतो. कडा घासून गोल करून मागा, खाली चार रबरी बूट चिकटवा, वर दोन जड स्टीलची भांडी ठेवा. झालं. दगड जड असल्यामुळे सरकत नाही, पाणी पीत नाही आणि मे महिन्यात घरातल्या फरशीसारखाच गार राहतो.

कडप्प्याचा तुकडाही चालतो, दिसतो तर फारच छान, काळा आणि शांत. फक्त कडप्पा चुनखडीच्या जातीचा दगड आहे, त्याच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की पांढुरके डाग उठतात आणि मग निघत नाहीत.

त्याहून सोपं हवं असेल तर मिठाईवाले वापरतात तसा पसरट स्टीलचा ट्रे घ्या आणि भांडी त्यात ठेवा. सांडलेलं सगळं ट्रेमध्ये राहतं. दिसायला हॉस्पिटलसारखं वाटलं तर प्रश्न १७ बघा.

३. स्टँडची उंची किती ठेवायची? दुकानात तर मोठ्या कुत्र्यांसाठी फूटभर उंच मिळतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

निरोगी, तरुण कुत्र्याला उंच स्टँडची गरज नसते. मान खाली घालून खाणं हे त्याच्या शरीराला ठाऊक असलेलं काम आहे. शिवाय मोठ्या जातींच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवायला हवा. पोट फुगून पिळा पडण्याचा एक जीवघेणा आजार असतो. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये तो जास्त दिसतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उंचावरच्या भांड्यात खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये हा धोका वाढलेला आढळला. तज्ज्ञांचं यावर अजून पूर्ण एकमत नाही, पण केवळ दिसायला रुबाबदार म्हणून हा धोका मी पत्करणार नाही. (पोट टम्म, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, बेचैन फिरतोय, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच डॉक्टर.)

माझा हिशेब असा आहे. कुत्रा सरळ उभा असताना जमिनीपासून त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत टेपने मोजा. ती झाली कमाल मर्यादा. निरोगी कुत्र्यासाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरे. भुऱ्याचं कोपर साडेअकरा इंचांवर आहे, घडवंची सहा इंचांची आहे. पिल्लांसाठी स्टँड करूच नका, चार महिन्यांत माप बदलतं. मांजरांना दोन-तीन इंच पुष्कळ. म्हाताऱ्या आणि आजारी जनावरांचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न १८ मध्ये.

४. भांडी कोणती घ्यावी? आमच्याकडे तांब्याचं एक सुंदर भांडं आहे, ते चालेल का?

स्टेनलेस स्टील, जाड पत्र्याचं. नागपुरात इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात वजनावर मिळतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात जे "स्पेशल" म्हणून मिळतं तेही शेवटी स्टीलच. घेताना काठ बघा. तो बाहेरच्या बाजूला आडवा मुडपलेला असेल तरच ते स्टँडच्या भोकात लटकतं. सरळ काठाचे गंज आणि डबे कामाचे नाहीत.

तांब्या-पितळेचं भांडं देवघरात राहू द्या. ताक, दही, टोमॅटो असं काही आंबट त्यात पडलं की धातू अन्नात उतरतो, आणि काही कुत्र्यांच्या यकृताला जादा तांबं झेपत नाही. कल्हई केलेली असली तरी कुत्र्याची जीभ आणि तुमची तारेची घासणी मिळून ती लवकरच काढतील. ॲल्युमिनियमचंही आंबटाशी जमत नाही.

प्लास्टिक नको. त्यावर ओरखडे पडतात, त्यात तेलकटपणा आणि जंतू बसतात. मांजरांच्या हनुवटीखाली काळे काळे दाणे दिसले तर पहिल्यांदा प्लास्टिकचा वाडगा बदला, असं डॉक्टर सांगतात. चिनी मातीची साधी पांढरी बशी चांगली, पण जत्रेतली भडक रंगवलेली घेऊ नका, त्या रंगात शिसं असू शकतं.

आणि एक, एकाच मापाची चार भांडी घ्या. दोन वापरात, दोन घासलेली. पुढे एखाद्याला पोचा पडला आणि त्या मापाचं मिळालं नाही तर स्टँडचं भोक तुमच्याकडे बघत बसतं.

५. लाकूड कुठलं? आणि नागपुरात तुकडे कुठे मिळतात?

लकडगंजला. वखारी आणि आरागिरण्या तिथेच आहेत. पूर्ण पाटी घेऊ नका, "कटपीस आहे का" असं विचारा. सागाचा दीड-दोन फुटी तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पाण्याने तो सहसा बिघडत नाही.

साग परवडत नसेल तर अठरा एमएमचा मरीन प्लाय. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो वाचून घ्या. साधा प्लाय सहा महिन्यांत कडेने सुटतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर नकोच. जुन्या टीव्ही युनिटची फळी फुकट मिळाली म्हणून एका ओळखीच्यांनी वापरली. पहिल्याच पावसाळ्यात ती पावासारखी फुगली.

कळमन्याच्या फळबाजारातून संत्र्याच्या लाकडी पेट्या आणून त्याचा स्टँड करता येईल का, हे बरेच जण विचारतात. नागपूरकर म्हणून मलाही मोह झाला होता. पण त्या फळ्या पातळ आणि फुसक्या असतात, खिळे जागोजागी बाहेर आलेले. बाजूची शोभेची पट्टी म्हणून, नीट घासून, चालतील. वजन पेलायला नाही. कारखान्यातले पॅलेट मिळाले तर त्यावरचा शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

६. भांड्यासाठी गोल भोक कसं कापायचं? माझं भांडं आरपार खाली पडलं!

माझंही पडलं होतं. भांडं फळीवर पालथं ठेवलं, पेन्सिलीने भोवती गोल काढला आणि त्याच गोलावर जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत) फिरवली. भुसा फुंकला, भांडं अलगद ठेवलं, आणि ते तितकंच अलगद आत जाऊन फरशीवर वाजलं. भुऱ्या धावत आला, त्याला वाटलं जेवण.

काढलेला गोल हा काठाचा बाहेरचा गोल असतो. कापायचं असतं त्याच्या आत. मुडपलेल्या काठाची रुंदी पट्टीने मोजा. आमच्या भांड्यांचा काठ चार सूत, म्हणजे अर्धा इंच होता. मग बाहेरच्या गोलाच्या दोन सूत आत दुसरा गोल काढायचा आणि त्याच्यावर कापायचं. काठ चारी बाजूंनी दोन सूत टेकतो आणि भांडं बोटाने उचलता येईल इतकी सैल जागाही राहते. आधी पुठ्ठ्यावर कापून बघा. पुठ्ठा वाया गेला तर हळहळ नाही.

आतल्या गोलाला चिकटून, पण आतल्या बाजूला, ड्रिलने एक भोक पाडा, त्यातून जिगसॉचं पान घाला आणि घाई न करता फिरवा. प्लायच्या चिपा उडू नयेत म्हणून रेषेवर कागदी टेप लावून घ्या. नंतर कानस, मग पॉलिशपेपर, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. भोकाची आतली कड हाताला लागली नाही पाहिजे, कारण तिथे रोज तुमचाच हात जाणार आहे.

आमचं माप, कुणाला उपयोगी पडलं तर: भांडी आठ इंची, फळी बावीस बाय अकरा. दोन भांड्यांत तीन इंच अंतर, कडेला दीड-दीड इंच. भांड्याची खोली अडीच इंच, म्हणजे सहा इंच उंचीत खाली झाडूची काडी फिरायला जागा राहते.

जिगसॉची भीती वाटत असेल तर रेषा आखून फळी मिस्त्रीकडे न्या. त्याचं अर्ध्या तासाचंही काम नाही. मात्र कुठल्या रेषेवर कापायचं ते तोंडी सांगू नका, बाहेरची रेषा खोडूनच न्या.

७. रंग की पॉलिश? तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा उरलेला ऑइल पेंट आहे घरी.

तो नंदीलाच लावा. नंदी स्टँड चाटत नाही, कुत्रा चाटतो, आणि दात येणारं पिल्लू तर पायसुद्धा कुरतडतं.

पाण्यात मिसळणारं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश घ्या. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर हलका पॉलिशपेपर. भोकाची आतली कड आणि पायांचे तळवे विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. हाताला दोन तासांत कोरडं लागलं तरी ते पूर्ण पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे घेतं. तोवर स्टँड गच्चीवर सावलीत राहू द्या. नाक लावून वास आला तर अजून वेळ आहे. तुम्हाला पुसट येतो तो वास कुत्र्याला ठणठणीत येतो.

८. मुंग्या! बाकी काही नको, मुंग्यांचं सांगा.

मार्चपासून नागपुरात प्रत्येक घरात हा विषय असतो. उपाय जुनाच आहे. दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, आठवतं? तेच. स्टँडच्या चारी पायांखाली छोट्या स्टीलच्या वाट्या, त्यात बोटाच्या पेराएवढं पाणी. लाकडी पाय पाण्यात कुजू नये म्हणून पीव्हीसी पाइपची टोपणं पायांना बुटासारखी घाला. स्टँड भिंतीला टेकलेला नको, नाहीतर मुंग्या भिंतीवरून येतात आणि तुमच्या खंदकाला हसतात.

पाणी रोज बदला. मे महिन्यात ते संध्याकाळपर्यंत उडूनच जातं, पावसाळ्यात मात्र साचून डासांची सोय होते. पायच नसलेला प्रकार असेल तर परातीत थोडं पाणी घालून मधोमध भांडं ठेवा.

मुंग्यांचा खडू स्टँडभोवती ओढू नका. त्यात कीटकनाशक असतं. त्या वर्गातली काही द्रव्यं मांजरांचं शरीर पचवूच शकत नाही, आणि मांजर त्या पावडरीवरून चालून मग पंजे चाटतं. हळद, मीठ यांनी मुंग्या तासभर विचारात पडतात, एवढंच.

९. स्टेशन कुठे ठेवू? आमच्याकडे बाल्कनीतच जागा आहे.

पश्चिमेची बाल्कनी असेल तर नाही. ४५ अंशांत दुपारी तीन वाजता स्टीलचं भांडं हात लावण्याजोगं राहत नाही, पाणी कोमट नव्हे, गरम होतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर सकाळची बाल्कनीसुद्धा नको.

घरात सावलीची, येण्याजाण्याच्या वाटेत नसलेली जागा बघा. कूलरच्या थेट झोतासमोरही नको. त्या दमट हवेने कोरडं खाद्य तासाभरात मऊ पडतं आणि खसचे तुकडे पाण्यात येतात. हो, कूलरच्या टाकीतलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. शिळं असतं, डासांच्या अळ्या असतात आणि कुणी कुणी त्यात औषध टाकतं. झाकण लावा.

पाण्याचं म्हणाल तर कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वीस किलोच्या भुऱ्याला लिटरभर धरलं तरी मे महिन्यात मी दोन जागी पाणी ठेवते. एक घडवंचीत, एक झोपायच्या जागेजवळ.

शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त पडू देऊ नका. "खाईल नंतर" म्हणून ठेवलेला वरण-भात दुपारपर्यंत आंबतो.

१०. पाण्यासाठी मातीचं भांडं ठेवलं तर गार राहील ना?

राहील, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फार छान राहील. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपून वाफ होतं, म्हणून आतलं गार पडतं. जूनमध्ये हवा दमट झाली की ही करामत संपते, तेव्हा सरळ स्टीलवर या.

फक्त पाण्यासाठी, अन्नासाठी नाही. छिद्रांत तेल शिरलं की वास जात नाही. कुंभाराकडून पसरट कुंडा दोन घ्या, एक वापरात, एक उन्हात पालथा. हिरवी शेवाळाची रेघ दिसली की घासा, साबण लावू नका, तोही मातीत शिरतो. कुंडा लाकडी स्टँडवर मात्र ठेवू नका, खालून कायम ओलं राहतं. त्याला दगडी तुकडा बरा (प्रश्न २).

११. स्टँडच्या खाली खाद्याचा कप्पा करता येईल का?

येतो, पण पावसाळ्यात डोकं वापरा. कप्प्यात खाद्य सुटं ओतू नका. मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा कप्प्यात. दमट खाद्याला बुरशी लागते आणि काही बुरशींचं विष यकृताला बाधतं. ती डोळ्यांना दिसतेच असं नाही. वास बदलला की टाकून द्या, जीव हळहळला तरी. मांजरांसाठी कप्प्याला चुंबकाची कडी हवीच. नुसतं ओढायचं दार ती दोन दिवसांत उघडायला शिकतात.

१२. मांजरासाठी काही वेगळं करायचं का?

हो. भांडं पसरट. आमची मनी खोल वाडग्यातलं अर्धं खाऊन सोडायची, बशीत दिल्यावर पूर्ण संपवायला लागली. मिशा काठाला घासत असाव्यात हा माझा अंदाज.

पाणी अन्नापासून दूर. बऱ्याच मांजरांना जेवणाशेजारचं पाणी आवडत नाही, म्हणून दोन भोकांचा स्टँड मांजरासाठी करू नका, एकाचा करा. आणि तिच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेपासून तर शक्य तितक्या लांब. आपण तरी संडासाच्या दाराशी पाट मांडतो का?

१३. कुत्रा मांजराचं खाऊन टाकतो. काय करू?

मांजराचं ताट वर न्या. खिडकीच्या रुंद कठड्यावर, भिंतीतल्या फळीवर. मांजराला उंची आवडते, कुत्र्याला उडी जमत नाही, भांडण मिटलं. मांजराच्या खाद्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असते, कुत्र्याला ते रोज मिळालं तर वजन वाढतं. उलट मांजराने कुत्र्याच्या खाद्यावर दिवस काढणं जास्त वाईट. तिला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य त्यात पुरेसं असेलच असं नाही.

दोन कुत्रे असतील तर दोन स्टेशनं, दोन कोपरे, एकमेकांना पाठ. एकाच लांब स्टँडवर दोघं शेजारी जेवतानाचा फोटो गोड येतो, पण एकजण गुरगुरत असेल तर ती पंगत मोडायलाच हवी.

१४. भरभर खातो आणि ओकतो.

भांड्यात मधोमध एक मोठा गुळगुळीत दगड ठेवा, त्याच्या तोंडात मावणार नाही इतका मोठा. त्याला दगडाभोवती खावं लागतं. भुऱ्याला चाळीस सेकंदांवरून चार मिनिटांवर आणला.

१५. स्टँड ढकलत ढकलत हॉलमध्ये नेतो.

पायांना रबरी बूट आणि खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा. तरी सरकला तर स्टँडच्या आत खाली एक वीट, कापडात गुंडाळून. सतरंजी घालू नका, आठ दिवसांत तिला जो वास येतो तो पाहुण्यांना सांगावा लागतो.

१६. धुवायचं कसं, किती वेळा? आम्ही फिनाईलने पुसतो.

भांडी रोज, प्रत्येक जेवणानंतर, साबण आणि गरम पाण्याने, वेगळ्या घासणीने. पाण्याचं भांडं नुसतं विसळू नका, आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर ती जंतूंची सायच आहे. क्षारांचा पांढरा थर व्हिनेगरने जातो (कडप्प्यावर नको, प्रश्न २).

स्टँड ओल्या फडक्याने रोज, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने. फिनाईल स्टेशनच्या आसपास अजिबात नको, आणि घरात मांजर असेल तर कुठेच नको. मांजराच्या यकृताला फिनाईलमधलं फिनॉल निकामी करता येत नाही. पंजाला लागलेलं ती चाटणारच.

१७. स्टायलिश कसं दिसेल? फोटोत छान यायला हवं.

कमी करा. एक लाकूड, एक धातू, फार तर एक रंग. तुमच्या ओट्याचा किंवा दरवाजांचा जो रंग आहे तोच स्टँडला द्या, म्हणजे तो घरातला वाटतो. पंजांचे स्टिकर, हाडाच्या आकाराचे कटआउट यांचा मला कंटाळा आहे, पण घर तुमचं आहे. कोपरे गोल करा, दिसायलाही मऊ आणि नडगीलाही. सागाच्या शिरा दिसत असतील तर रंग लावायचं पाप करू नका. नाव हवंच असेल तर पितळी देवनागरी अक्षरं, नेमप्लेटवाल्याकडून, बाजूच्या पट्टीवर. वर नको, तिथे भात अडकतो. भाड्याचं घर असेल तर भिंतीला काहीच ठोकू नका, वरचे सगळे प्रकार जमिनीवर उभे राहणारेच आहेत.

१८. आमचा लॅब (लॅब्राडॉर) बारा वर्षांचा आहे, वाकताना पाय थरथरतात. त्यालाही बुटकाच स्टँड?

नाही, इथे नियम उलटतो. मान-पाठ-गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला कोपराच्या उंचीपर्यंतचा स्टँड खरंच आराम देतो. पायाखाली घसरणार नाही असा मॅट त्याहून महत्त्वाचा. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. पण लॅबसुद्धा मोठ्या जातीचा आहे, म्हणून प्रश्न ३ मधला धोका डॉक्टरांशी बोलून घ्या. जेवण दोन-तीन वेळांत विभागून द्या.

काही कुत्र्यांची अन्ननलिका सैल पडलेली असते आणि गिळलेलं परत येतं. त्यांना जवळजवळ उभं बसवून भरवावं लागतं, त्यासाठी वेगळी खुर्ची करतात. तो घरगुती अंदाजाचा विषय नाही. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवा आणि माप लिहून घ्या. मग लाकूड कापू.

१९. पोपटासाठी असंच काही?

राघू पिंजऱ्यात असेल तर आधी हे ऐका. आपल्या देशी पोपटांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते पाळणं गुन्हा आहे. "आम्ही लहानपणापासून पाळतो" हे उत्तर नाही. वनविभागाशी बोला. बजरीगर, लव्हबर्ड यांच्यासाठी स्टीलच्या अडकवायच्या वाट्या घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा वाटी नको, पक्षी चोचीने तो सोलतात आणि जस्त त्यांना विषारी आहे.

२०. हाच स्टँड फाटकाबाहेर भटक्या कुत्र्यांसाठी ठेवला तर?

मन चांगलं आहे, पण कायदा बघून. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या. त्या भागाला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायट्यांनी खाऊ घालण्याची जागा ठरवावी असं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई करून, ठरवून दिलेल्या जागीच घाला असा आदेश दिला. त्यामुळे फाटकाबाहेर नको. सोसायटीशी बोलून जागा ठरवून घ्या, लहान मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्यापासून दूर. तिथे लाकडी स्टँड टिकणार नाही, सिमेंटची कुंडी ठेवा. आणि सावजीच्या रश्श्यातली हाडं देऊ नका. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आणि त्या रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला अपायकारक आहे.

२१. सगळं केलं, ताई. पण मांजर स्टँडकडे ढुंकूनही पाहत नाही.

पॉलिशचा वास येत असेल (प्रश्न ७). नसेल तर जुनी बशी जुन्याच जागी ठेवा आणि नवा स्टँड शेजारी नुसता रिकामा उभा करा. चार दिवसांनी बशी स्टँडवर. मग रोज वीतभर सरकवत ठरलेल्या कोपऱ्यात. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या मनीसाठी सागाची, एका भोकाची, गोल कोपऱ्यांची घडवंची करून आता आठ महिने झाले. ती त्यावर झोपते. जेवते शेजारी, फरशीवर.